२ टनी जॅक, स्टँडची जोडी आणि क्रीपर: या संचातलं काय घ्यावं, काय सोडावं

ऑनलाइन दुकानांत हा संच सर्रास मिळतो: सुटकेससारख्या पेटीत बसणारा २ टनी ट्रॉली जॅक, उचललेल्या गाडीला आधार देणारी लोखंडी स्टँडची जोडी आणि पाठीखाली घ्यायची चाकांची फळी, म्हणजे क्रीपर. घरी ऑइल बदलायला किंवा सायलेन्सरचं लोंबतं रबर नवीन घालायला तो घ्यावा का? स्टँडसाठी जरूर घ्यावा. जॅक कामापुरता ठीक आहे. क्रीपरचे पैसे आपल्याकडच्या पार्किंगमध्ये वसूल होत नाहीत.

आधी जॅक. तो साधारण १३५ मिमीपासून ३३० मिमीच्या आसपास जातो. स्विफ्टसारख्या गाडीला हे पुरतं. उंच एसयूव्हीला मात्र कमी पडतं: बॉडी वर येते, पण सस्पेन्शन खाली लोंबतं आणि चाक जमिनीलाच टेकून राहतं. मग लोक जॅकच्या वाटीवर, म्हणजे गाडीला टेकणाऱ्या गोल भागावर, लाकडाचा ठोकळा ठेवतात. तो तिरपा होऊन निसटतो, म्हणून हे करूच नये. जास्त उंचीचा जॅक घ्यावा. नवा जॅक दाबताना स्पंजासारखा लागला तर तेलात हवा आहे. रिलीज व्हॉल्व्ह (जॅक खाली सोडायचा स्क्रू) सैल करून दांडा १०-१५ वेळा पूर्ण मारा, मग व्हॉल्व्ह आवळा. तेल कमी असेल तर हायड्रॉलिक जॅक ऑइलच घाला. ब्रेक ऑइल घातलं की आतले रबरी सील फुगतात आणि जॅक बसतो.

ट्रॉली जॅकला चाकं का असतात, हे फार कुणी सांगत नाही. वाटी वर जाते ती कमानीतून, त्यामुळे उचलताना जॅकला गाडीखाली थोडं पुढे सरकावं लागतं. पेव्हर ब्लॉकच्या फटीत चाक अडकलं तर जॅक सरकत नाही, आणि मग वाटीच गाडीवरून घसरू लागते. म्हणून खाली जाड, सपाट प्लायवूड घाला, आणि जॅकला सरकायला त्यावर जागा राहू द्या.

आता स्टँड. जीव यांच्या भरवशावर असतो, म्हणून पेटी उघडल्यावर पहिली दहा मिनिटं यांनाच द्या. मधला खांब एकेक खाच वर घ्या आणि प्रत्येक खाचेवर तळव्याने जोरात खाली दाबा. बाजूने डोकावून बघा: खिट्टी दात्यांच्या खोबणीत पूर्ण बसली पाहिजे. नुसतं टोक टेकत असेल तर स्टँड त्याच दिवशी परत करा. २०२० मध्ये अमेरिकेत ३ आणि ६ टनी रॅचेट (असेच खाचांवर अडकणारे) स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवले गेले, ते याच दोषामुळे. खिट्टी अर्धवट अडकायची आणि भार हलला की खांब खाली यायचा. आडवी लॉक पिन असलेलाच स्टँड निवडा. लेबलवरचा आकडा एका स्टँडचा आहे की जोडीचा, हेही वाचा; बऱ्याचदा तो जोडीचा असतो.

स्टँडची वाटी धातूची असते आणि गाडीच्या सिलखालची (दारांखालच्या कडेची) पट्टी पातळ पत्र्याची. थेट टेकवली तर पट्टी मुडपते, रंग उडतो आणि पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. खाच असलेलं रबरी पॅड वेगळं घ्यावं लागतं, संचात ते क्वचितच असतं. स्टँडचे पायही काठावर टेकतात, त्यामुळे पेव्हर ब्लॉकमध्ये किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरात रुततात. प्रत्येकाखाली ३० x ३० सेंमीचा १८ मिमी प्लायवूडचा तुकडा ठेवा.

पुढची चाकं उचलणार असाल तर गिअर भरवशाचा नाही, कारण बहुतेक छोट्या गाड्यांत गिअर पुढच्याच चाकांना धरतो. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, तो ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर मारा. मागून उचलताना उलट: हँडब्रेकचा उपयोग नाही, गिअर आणि पुढच्या चाकांच्या पाचरी. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा, ऑइल चेंबरखाली कधीच नाही. दोन्ही स्टँड एकाच खाचेवर ठेवून सिलच्या खुणांखाली सरकवा, व्हॉल्व्ह पाव वळसा सोडून गाडी हळूच टेकवा, लॉक पिन घाला. मग बाहेर उभं राहून गाडी कडेने जोरात ढकलून बघा. काही हललं किंवा करकरलं तर पुन्हा उचलून नीट बसवा. जॅक हलका टेकलेलाच राहू द्या आणि काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवा. वीट किंवा सिपोरेक्सचा ठोकळा आधाराला नको. तो वाकत नाही, एकदम फुटतो.

क्रीपरचं गणित सोपं आहे. सिल ३५ सेंमीवर असेल आणि क्रीपर १० सेंमी उंच असेल, तर उरतात २५. त्यात छाती कशीबशी मावते, पाना फिरवायला कोपर वळत नाही. शहाबादीच्या सांध्यांवर त्याची बारीक चाकं अडतात ती वेगळीच. गुळगुळीत कोब्यावर तो छान चालतो, पण तसा कोबा किती पार्किंगमध्ये असतो? फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरा. जागा वाचते आणि सांडलेलं ऑइलही तोच पितो.

क्रीपर नसलेला संच मिळाला तर तोच मागवा. उरलेल्या पैशांत बंद कडांचा गॉगल घ्या, कारण खालून बोल्ट सोडवताना गंजाचे कण थेट डोळ्यांत पडतात. सोबत डोक्याला बांधायचा चार्जिंगचा दिवा घ्या. २३० व्होल्टची वायर ऑइल आणि पाण्यातून ओढायला नको.