रेडिएटरमध्ये काय भरायचं: पाणी, रेडी-मिक्स की कॉन्संट्रेट?

मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडी तापली. दुसरा गिअर, एसी चालू, पुढे रांगणारा भरलेला ट्रक. काटा मधली खूण सोडून वर सरकू लागला. एसी बंद केला, हीटर पूर्ण चालू केला, गाडी कडेला घेतली. तासाभराने, इंजिन गार झाल्यावर झाकण उघडलं तर आत चहासारखं तांबूस पाणी. आधीच्या मेकॅनिकने बोअरचं पाणी भरलं होतं.

‘पाण्यानेच गाडी गार राहते’ हे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं, आणि ते अर्धं खरं आहे. उष्णता वाहून नेण्यात नुसतं पाणी हे पाणी आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) यांच्या ५०-५० मिश्रणापेक्षा सरसच. पण ते १०० अंशांना उकळतं आणि इंजिन चालतं साधारण ९० ते १०५ अंशांवर. झाकणाने दाब धरला तर उकळबिंदू १२०च्या आसपास जातो. झाकणाचं रबर थकलं की तो आधार संपला. कूलंटमधला मुख्य घटक एथिलीन ग्लायकॉल; त्याचं पाण्याशी अर्धं-अर्धं मिश्रण दाबाशिवायही १०६-१०७ अंशांपर्यंत उकळत नाही. शिवाय कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्यं असतात. बोअरच्या पाण्यातले क्षार मात्र रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. त्यामुळे रोजच्या वापराला नुसतं पाणी नकोच.

आता उरले दोन: पाणी आधीच मिसळलेलं कूलंट म्हणजे रेडी-मिक्स, आणि पाणी न मिसळलेलं म्हणजे कॉन्संट्रेट. बहुतेकांनी रेडी-मिक्स घ्यावं. मोजमाप नाही, पातळी उतरली की थेट ओतायचं. कॉन्संट्रेट लिटरमागे स्वस्त पडतं, पण बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर मिसळावंच लागतं. ‘जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं’ समजून तसंच ओतू नका. नुसतं ग्लायकॉल उष्णता कमी वाहतं.

एका कामाला मात्र मी कॉन्संट्रेटच घेतो: फ्लशिंगला, म्हणजे जुनं कूलंट काढून आतून पाण्याने धुतो तेव्हा. धुतल्यावर इंजिनच्या ब्लॉकमध्ये बरंच पाणी अडकून राहतं. त्यावर रेडी-मिक्स भरलं की ते पातळ होतं. कॉन्संट्रेट असलं की एकूण क्षमतेच्या निम्मं आधी भरायचं आणि वर डिस्टिल्ड वॉटर.

रंगावर भरवसा ठेवू नका. हिरवं, गुलाबी, नारिंगी हे प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने ठरवते. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकारच घ्या. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. चव गोड असते आणि कुत्र्या-मांजरांसाठी ते जीवघेणं विष आहे.

घाटातच अडकलात तर इंजिन गार झाल्यावर पिण्याचं पाणी थोडं थोडं ओतून घर गाठा. मग गळती कुठे आहे ते शोधून घ्या आणि कूलंट नव्याने भरा.