फ्लिप्ड वर्ग की हायफ्लेक्स? विषय नव्याने बांधताना

विद्यार्थी नोकरी सांभाळून शिकत असतील किंवा त्यांचा पाया एकसारखा नसेल, तर नुसत्या व्याख्यानावर भागत नाही. अशा वेळी दोन पर्याय पुढे येतात: फ्लिप्ड वर्ग (ओळख घरी, सराव वर्गात) आणि हायफ्लेक्स (वर्गात यायचं, ऑनलाइन जोडायचं की रेकॉर्डिंग पाहायचं, ते विद्यार्थी ठरवतो). फ्लिप्ड वर्ग ‘समजत नाही’ या अडचणीवर उपाय आहे, हायफ्लेक्स ‘येता येत नाही’ या अडचणीवर. आपल्याकडे कोणती अडचण मोठी आहे, ते पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना विचारून घ्यावं.

फ्लिप्डमध्ये विषयाची ओळख घरी होते आणि सराव वर्गात. व्हिडिओ छोटे ठेवा: एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरच्या व्हिडिओंवर 2014 मध्ये झालेल्या अभ्यासात लांबी कितीही असली, तरी पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपुढे गेला नाही. वर्गात हार्वर्डच्या एरिक माझूर यांची पद्धत चांगली चालते. संकल्पनेवर एक प्रश्न टाका, मिनिटभर एकट्याने विचार करू द्या, मग मत घ्या. 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर आली, तर शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं चर्चा आणि पुन्हा मत. त्याहून कमी आली तर तो भाग परत समजावायचा, जास्त आली तर थोडक्यात उलगडून पुढे जायचं. चर्चेआधीच बरोबर उत्तर पडद्यावर दिसलं, की चर्चा तिथेच संपते.

हे सगळं फसतं ते बहुतेक एकाच ठिकाणी. काहीजण व्हिडिओ न पाहता येतात, शिक्षकाला राहवत नाही आणि तो तेच पुन्हा शिकवतो. मग पाहून येणारेही पाहणं सोडतात. त्यापेक्षा आदल्या रात्री बंद होणारी चार प्रश्नांची चाचणी ठेवा, तिला थोडे गुण द्या आणि वर्गात फक्त चुकलेल्या प्रश्नापासून सुरुवात करा. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सक्रिय वर्गातले, म्हणजे स्वतः प्रश्न सोडवत शिकणारे विद्यार्थी व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. हे माहीत नसेल, तर तक्रारी येताच शिक्षक माघार घेतो.

हायफ्लेक्समध्ये वर्गात बसणं, थेट ऑनलाइन जोडणं किंवा नंतर रेकॉर्डिंग पाहणं, यांतलं काय करायचं ते विद्यार्थी दर वेळी स्वतः ठरवतो. तिन्ही वाटांना उद्दिष्टं आणि मूल्यमापन एकच लागतं. इथे घात करतो तो आवाज. माइक फक्त शिक्षकाजवळ असेल, तर मागच्या बाकावरचा प्रश्न ऑनलाइन कुणालाच ऐकू जात नाही. प्रत्येक प्रश्न मोठ्याने पुन्हा म्हणायची सवय लावावी लागते. चॅट सांभाळायला दुसरी व्यक्तीही हवीच. फळा, वर्ग आणि पडदा एकट्याने सांभाळताना पडद्यामागचे विद्यार्थीच आधी सुटतात.

तयारीचा वेळ दोन्हींत खूप जातो, पण फ्लिप्डमधला पुढच्या वर्षी वसूल होतो. हायफ्लेक्सची मेहनत प्रत्येक तासाला नव्याने करावी लागते. म्हणून विद्यार्थी एका वेळी जमू शकत असतील, तर आमची पसंती फ्लिप्डला. जमू शकत नसतील आणि मदतनीसही मिळत नसेल, तर हायफ्लेक्सच्या वाटेला जाऊ नका. रेकॉर्ड केलेला अभ्यासक्रम द्या आणि आठवड्यातून एक संध्याकाळ थेट शंकानिरसनाला ठेवा.