मोठी ट्रॉली बॅग, अकरा महिन्यांनंतर: सगळं शेवटी चाकावर येतं

हा अनुभव मी खरं तर फेब्रुवारीतच लिहिणार होते, काशीहून परत आल्या आल्या, डोक्यात राग होता तेव्हा. तेव्हा लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता. आता मे संपत आलाय आणि मधल्या काळात माझं मत दोनदा बदललंय, म्हणून सगळं सुरुवातीपासून लिहिते, जरा लांबेल.

बॅग म्हणजे नेहमीची सगळ्यात मोठ्या साइजची, पॉलिप्रॉपिलीनची, चार चाकं, नंबरचं लॉक. बाकीचे स्पेक्स सगळीकडे आहेत, ते परत लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळ्या चारचाकी बॅगांना लागू होतं. सेलमध्ये ४,१९९ ला घेतली, जुलैमध्ये, लेकीला नागपूरला इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा. अहो म्हणत होते की एक मोठी घेण्यापेक्षा दोन मधल्या घे, पण दोनचे साडेपाच हजार होत होते आणि मला वाटलं एकीत मावतंय तर दोन कशाला. त्यांचंच बरोबर होतं, हे दिवाळीत कळलं.

पहिला प्रवास नागपूरचा. बॅगेत चादरी, उशी, इस्त्री, मेतकुटाचा डबा, लाडूंचा डबा, स्वेटर (नागपूरची थंडी मला माहितीये, माझं माहेर तिकडचं), असं करत करत बावीस किलो झालं. ट्रेनला वजनाची अडचण नाही, थ्री एसीला चाळीस किलोपर्यंत चालतं, पण अडचण वेगळीच निघाली. ही बॅग बर्थखाली जात नाही! आडवी करून, उभी करून, तिरकी करून बघितली, नाहीच गेली. रात्रभर येण्याजाण्याच्या वाटेत ठेवली आणि येणारा जाणारा प्रत्येक माणूस तिला अडखळत होता आणि मी प्रत्येकाला सॉरी म्हणत होते. घेणाऱ्यांनी लांबी-रुंदी बघण्याआधी जाडी बघा, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

हॉस्टेलला पालकांना गेटपर्यंतच सोडत होते. गेटपासून बिल्डिंगपर्यंत पेव्हर ब्लॉकचा रस्ता, मधेमधे उखडलेला, आणि लेक दोन्ही हातांनी बॅग ढकलत निघाली. मागे वळून बघायला तिला जमलंच नाही, कारण हात सोडला की बॅग वळत होती. मी गेटला धरून उभी होते आणि पूर्ण वेळ मनात एकच, की आता चाक अडकणार, आता अडकणार. अडकलं नाही. बिल्डिंगच्या पायरीशी पोचल्यावर तिने हात केला. त्या दिवशी मी या बॅगेला मनात पाच स्टार देऊन टाकले होते, ते प्रामाणिकपणे इथे लिहिते.

दिवाळीला ती विमानाने आली, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून. डोमेस्टिकला चेक-इन पंधरा किलो, आणि ही बॅग रिकामीच सव्वाचार किलो भरते, म्हणजे सामान उरलं पावणेअकरा किलो. तिने धुवायचे कपडे, पुस्तकं, सगळं कोंबलं होतं, काउंटरवर साडेअठरा निघाली आणि जास्तीच्या वजनाचे जे पैसे पडले त्यात तिकिटाची सगळी बचत गेली. विमानासाठी ही साइज घेऊच नका, मोठी बॅग दिसली की माणूस भरतोच.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमच्या आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, सहस्रचंद्रदर्शन जानेवारीत झालं. हजार पौर्णिमा म्हणजे साधारण २९,५३० दिवस, ऐंशी वर्षं आणि दहा महिने, हे गणित लेकीने फोनवरून करून दिलं आणि आईंना ते इतकं आवडलं की आलेल्या प्रत्येकाला त्या तो आकडा सांगत होत्या. साडी नको, बांगड्या नकोत, मला एकदा काशीला न्या, एवढंच म्हणाल्या. मग फेब्रुवारीत पुण्याहून ज्ञानगंगा एक्स्प्रेसने निघालो, त्या, मी आणि अहो. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत २०२० च्या मार्चपासून बंद आहे, पूर्वी बायकांना अठ्ठावन्नपासून अर्धं तिकीट होतं, ते असतं तर केवढा फरक पडला असता. असो. लोअर बर्थ मिळाला हे चांगलं झालं.

आईंना चालताना आधार लागतो, पण काठी घ्यायची नाही. वॉकर तर नावच काढायचं नाही. पुणे स्टेशनवर मी बॅग ढकलत होते तर त्यांनी सहज हँडलला हात लावला, मग दोन्ही हात लावले, आणि बघते तर त्या बॅगेला धरून माझ्यापेक्षा ताठ चालतायत. बॅग जड, खाली वजन, चारी चाकांवर उभी, त्यामुळे कलंडत नाही आणि हात ठेवायला बरोबर त्यांच्या कोपराएवढी उंची. मी बाजूने एक हात ठेवून वेग धरत होते. संपूर्ण प्लॅटफॉर्म अशा चालल्या. बनारस स्टेशनला (पूर्वीचं मंडुआडीह) उतरल्यावर स्वतःच म्हणाल्या, "अगं, माझी गाडी आण." आणि हसल्या. त्यांना पडायची भीती न बाळगता चालताना मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

आमचं राहायचं ब्रह्माघाटाजवळ होतं, तिकडे मराठी घरं अजून आहेत. ई-रिक्षा मैदागिनला सोडते, पुढे गल्ल्या. काशीच्या गल्ल्या ज्यांनी बघितल्यात त्यांना माहितीये, दगडी फरशा, फरशांमध्ये फटी, समोरून मोटरसायकल, बाजूला गाय, आणि उतार. कालभैरवाच्या देवळाच्या थोडं पुढे उजवीकडचं मागचं चाक फटीत गेलं आणि कट्ट करून तुटलं, बॅग एकदम माझ्या बाजूला झुकली, आणि आईंचे दोन्ही हात हँडलवर होते. मी बॅग सोडून त्यांना धरलं. त्यांचा खांदा माझ्या छातीवर आला, चष्मा खाली पडला. लागलं काही नाही, पण माझे पाय तिथेच थरथरायला लागले, आणि त्या मात्र शांतपणे मलाच म्हणाल्या, "पडले नाही गं मी, तू धरलंस." एका पोराने बॅग डोक्यावर घेतली आणि घरापर्यंत पोचवली, पैसे घेईना, आईंनी बळेच हातात पन्नास रुपये ठेवले.

बाकीचे चार दिवस आई माझ्या दंडाला धरून चालल्या. विश्वनाथाचं दर्शन झालं, तिथल्या आवारात अहिल्याबाईंचा पुतळा आहे, १७८० मध्ये देऊळ परत उभं केलं ते त्यांनीच, आई पुतळ्यासमोर किती तरी वेळ हात जोडून उभ्या राहिल्या, देवासमोर राहिल्या नसतील इतका. पण गल्लीतून चालताना प्रत्येक पायरीला माझा दंड घट्ट आवळायच्या. स्टेशनवरचा तो ताठपणा गेला तो गेलाच, आणि मला राग आला तो त्याचा, चाकाच्या पैशांचा नाही.

पुण्याला आल्यावर कंपनीशी भांडण सुरू. वॉरंटी तीन वर्षं. अ‍ॅपवर तक्रार टाकली, फोटो मागितले, दिले, परत वेगळ्या अँगलने मागितले, तेही दिले. मग उत्तर आलं की विमान प्रवासात झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. अहो, आम्ही ट्रेनने गेलो होतो! तिकिटाचा फोटो पाठवला. मग म्हणे चाक हे झिजणाऱ्या भागांत येतं, ते वॉरंटीत नाही. ट्रॉली बॅगेचं चाकच वॉरंटीत नाही तर वॉरंटी कशाची देता, रंगाची का? सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले, चौदा किलोमीटर, तीन चाकांची बॅग रिक्षात घालून. तिथे सांगितलं की चाक एकटं मिळत नाही, चाक ज्यात बसतं तो खालचा अख्खा कप बदलावा लागेल, ११५० रुपये आणि एकवीस दिवस. मी घरी येऊन १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. त्यानंतर आठव्या दिवशी कंपनीचा स्वतःहून फोन आला, बोलणं एकदम गोड, नवीन बॅगेवर तीस टक्के सूट देतो म्हणाले. मला नवीन बॅग नको होती. अकरा महिने सोडा, सात महिन्यांत जी बॅग बाकी सगळीकडून धड आहे, एक ओरखडा सोडला तर फुटलेली नाही, चेन नीट, लॉक नीट, ती भंगारात टाकून आणखी तीन हजार घालायचे? नाही म्हणून सांगितलं.

मग आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला एक बॅगवाले बसतात, त्यांच्याकडे जा. गेले. साठीचे गृहस्थ, दुकान म्हणजे एक फळी आणि मागे टांगलेली चाकं. त्यांनी आधी तुटलेल्या चाकाकडे बघितलंच नाही, बाकीची तीन बोटाने फिरवून बघितली. एक फिरलं, एक कुरकुरत फिरलं, एक फिरलंच नाही. मग चिमट्याने त्या न फिरणाऱ्या चाकाच्या आसातून ओढायला लागले आणि केस निघायला लागले. लांब काळे केस, एकात एक पीळ बसलेले, बोटाएवढा जाड गुंता, त्यात स्वेटरची लोकर आणि झेंडूच्या माळेचा पिवळा दोरा. केस लेकीचे. हॉस्टेलच्या खोलीत ती बॅग दिवाळीपर्यंत फरशीवर इकडेतिकडे सरकवत होती ना, तिथले. दोरा काशीचा. मी तो गुंता हातात घेऊन बघत राहिले.

"ताई, चाक तुटत नाही, चाक अडकतं," ते म्हणाले. "अडकलं की घासटतं, एका बाजूने चपटं होतं, मग पहिल्या दगडाला जातं." तुटलेल्या चाकाचा तुकडा मी रुमालात आणला होता, तो दाखवला, आणि खरंच एक बाजू सपाट झिजलेली होती.

इथे माझं मत बदललं, ते लिहायलाच हवं. कंपनीने चाक कमकुवत दिलं असं मी सगळ्यांना सांगत होते, ते पूर्ण खरं नाही. दर प्रवासानंतर चाकातले केस काढले असते तर कदाचित ते तुटलं नसतं. पण मग हे बॅगेबरोबरच्या कार्डावर लिहा ना, लॉकचा नंबर कसा बदलायचा त्यावर अख्खं पान आहे आणि चाकाच्या निगेवर एक ओळ नाही. आणि दुसरं, चाकाचा कप रिव्हेटने ठोकलेला आहे, म्हणजे घरी उघडताच येत नाही. बॅगवाल्यांनी आतल्या अस्तराची चेन उघडली, चार रिव्हेट ड्रिलने काढले आणि त्या जागी नट-बोल्ट बसवले, म्हणजे पुढच्या वेळी पान्याने घरीच चाक काढता येईल. मागची दोन्ही चाकं जोडीने बदलली, कारण एकच बदललं तर उंची कमी-जास्त होते. प्लास्टिकची नाही, रबराची धाववाली, किंचित मोठी. सगळे मिळून ३८० रुपये, आणि पाऊण तास. निळ्या बॅगेला राखाडी चाकं, दिसायला विजोड दिसतात, मला काही वाटत नाही.

बॅग आता पहिल्यापेक्षा चांगली चालते. आवाज तर निम्मासुद्धा नाही, आधी सोसायटीत रात्री आलं की सगळ्यांना कळायचं. गेल्या आठवड्यात लेकीला सुट्टीसाठी आणायला हीच बॅग घेऊन नागपूरला गेले, तेच पेव्हर ब्लॉक, तेच गेट, आतून बॅग ढकलत ती आली, एका हाताने. दुसऱ्या हातात फोन होता आणि कोणाशी तरी हसत बोलत होती. वर्षभरात बॅग हलकी झाली की ती ताकदीची झाली, दोन्ही असेल.

घेणार असाल तर दुकानात लॉक, रंग, कप्पे नंतर बघा, आधी बॅग उलटी करा. कप स्क्रूने बसवलाय का रिव्हेटने, चाकाला रबर आहे का, आस हाताने हलतो का. ऑनलाइन घेणार असाल तर खालच्या बाजूचा फोटो मागा. आणि महिन्यातून एकदा शिवणाची छोटी कात्री घेऊन केस कापून काढा, पाच मिनिटांचं काम आहे. खडबडीत रस्त्याला, गावाला, देवदेवस्थानाला जाणार असाल तर दोन चाकांची ओढायची बॅगच बरी, तिची चाकं कोपऱ्यात आत बसवलेली असतात, बाहेर लोंबत नाहीत. चारचाकी सपाट जमिनीवरच.

पण आमची चारचाकी आता नागपूरला जाणार नाही. काशीहून आल्यावर आईंनी पंधरा दिवस खाली उतरणंच बंद केलं होतं. चाक दुरुस्त करून आणल्यावर मी बॅग त्यांच्यासमोर फिरवून दाखवली, त्यांनी बसल्या जागेवरून पायाने ढकलून बघितली, मग उठल्या. आता रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये चार फेऱ्या मारतात, बॅगेला धरून. रिकामी पुढे पळते म्हणून आत सहा किलो रद्दी घातलीये, आणि मी सोबत असतेच, उताराकडे जाऊ देत नाही. परवा लेकीने बॅग भरायला काढली तर आई म्हणाल्या, "ती माझी आहे, तू दुसरी घे."

तर लेकीसाठी दुसरी बघतेय. मधली साइज, दोन चाकांची, स्क्रूवाली, तीन हजारांच्या आत. कोणी वर्षभर वापरली असेल तर सांगा, आणि चाकाचं सांगा, लॉकचं नको.