यिनशूची अर्ध्या दिवसाची सफर : पात्रांपेक्षा गुरांची गोष्ट

चीनच्या हेनान प्रांतातील आन्यांग येथे इसवी सनपूर्व सुमारे १२५० ते १०४६ या काळात शांग राजांची राजधानी होती. त्या यिनशू अवशेषांची मार्गदर्शित सफर मी निवडली ती कांस्यपात्रे पाहण्यासाठी. परंतु आमच्या मार्गदर्शक बाईंनी तासाभरातच आमचे लक्ष पात्रांवरून त्यांत शिजणाऱ्या मांसाकडे आणि तेथून गुरांकडे वळवले, आणि याच कारणाने ही सफर मला मनापासून आवडली.

१९३९ मध्ये येथे सापडलेले ८३२.८४ किलो वजनाचे 'होउमुवू' पात्र आता बीजिंगमध्ये आहे. त्याचा घाट मांस शिजवण्याच्या भांड्याचा आहे, एवढे सांगून त्या भविष्यकथनाच्या हाडांकडे वळल्या, आणि येथे त्यांनी दिलेला वेळ सार्थकी लागला. बैलाच्या खांद्याचे रुंद हाड किंवा कासवाचे पोटाकडचे कवच घेऊन त्याच्या मागच्या बाजूस खळगे कोरायचे, तेथे उष्णता द्यायची आणि उमटलेल्या चिरांवरून पूर्वजांचा कौल घ्यायचा. बळी किती द्यायचे, गुरे की मेंढ्या, हेच अनेकदा त्यांना विचारलेले असे. बळीसाठी राखलेल्या गुरांकरिता वापरले जाणारे 'लाओ' हे अक्षर म्हणजे गोठ्यात उभ्या असलेल्या जनावराचे चित्रच; ते त्यांनी बोटाने हवेत काढून दाखवले तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीचा गोठा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

उणीव एकच, पण ती मोठी आहे. यिनशूतीलच तिएसानलू येथील हाडकामाच्या कार्यशाळेतून उत्खननात कित्येक टन हाडे निघाली असून त्यांत गुरांची हाडे सर्वाधिक आहेत, आणि त्यांपासून मोठ्या प्रमाणावर केसांत खोवायच्या काड्या घडवल्या जात. मांस, यज्ञ आणि कारागिरी यांना जोडणारा दुवा नेमका येथे सापडतो, तरीही या भागाला जेमतेम पाच मिनिटे मिळाली. शांगकालीन थडग्यांत शवपेटीखालच्या खळग्यात पुरलेल्या कुत्र्यांचा तर उल्लेखही झाला नाही. मी विचारल्यावर मात्र बाईंनी न कंटाळता आणि नेमकेपणाने उत्तर दिले, त्यामुळे त्रुटी त्यांच्या ज्ञानात नसून सफरीच्या आखणीत आहे असे माझे मत झाले. ही सफर घेणाऱ्यांनी नोंदणी करतानाच हाडकामाचा भाग सविस्तर दाखवण्याची विनंती करावी आणि शक्य असल्यास पूर्ण दिवस मागून घ्यावा.