भिंगाविना आलेला शब्दकोश आणि 'जॉइंचर'

गेल्या पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून मी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची १९७१ साली निघालेली कॉम्पॅक्ट आवृत्ती विकत घेतली. मूळच्या तेरा खंडांचा मजकूर छायाचित्रणाने बारीक करून, जुनी चार पाने नव्या एका पानावर बसवून तो दोन खंडांत आणलेला आहे. दोन्ही खंड मिळून ४,११६ पाने भरतात आणि अक्षर इतके लहान आहे, की प्रकाशकांनीच खोक्याच्या वरच्या भागात एक छोटा खण करून त्यात भिंग ठेवले होते. माझ्या संचातील हा खण रिकामा निघाला. दुकानदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडं आलं तवाबी त्यात काई नव्हतं, तुमीच बघा ना खोकं." भिंगाचे म्हणून शंभर रुपये त्याने कमी केले. दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे पडताळण्यासाठी माझ्या परभणीच्या कार्यालयात एक जाड भिंग गेली वीस वर्षे पडून आहे, त्याच्यावर माझे काम भागले.

निवृत्तीजवळ आलेल्या दिवाणी वकिलाला हा शब्दकोश कशाला हवा, असे घरच्यांनी विचारले होते आणि तो प्रश्न रास्त होता. निमित्त एका दाव्याचे होते. माझ्या अशिलाला, एका वृद्ध विधवा बाईंना, सासरच्यांनी काही दशकांपूर्वी चोळीबांगडीसाठी म्हणून थोडी जमीन लिहून दिलेली आहे आणि दस्तात 'हयातीपर्यंत' असा शब्द आहे. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी युक्तिवादात एका जुन्या इंग्रजी निवाड्याचा आधार घेतला, ज्यात 'जॉइंचर' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने मोबाइलवरून त्याचे भाषांतर आधी 'संयुक्तता' आणि मग 'हुंडा' असे करून आणले. पहिल्या भाषांतराने वाक्याला अर्थ उरेना आणि दुसऱ्याने तो नेमका उलटा झाला. तेव्हा शब्द मुळापासून पाहिल्याखेरीज गत्यंतर नाही, हे ध्यानात आले.

पहिल्या खंडात अ पासून ओ पर्यंतची इंग्रजी अक्षरे आहेत, त्यामुळे जॉइंचरचे 'जे' (J) हे अक्षर तिथेच सापडते. या शब्दकोशाची रीत अशी, की शब्दाचे अर्थ तो आजच्या वापराच्या क्रमाने न देता काळाच्या क्रमाने देतो आणि प्रत्येक अर्थाखाली जुन्या लेखनातील सालवार वाक्ये मांडतो. त्यामुळे नोंद वाचताना शब्दाचे वय वाढताना दिसते. जॉइंचरचा सर्वांत जुना अर्थ, म्हणजे चौदाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला अर्थ, केवळ जोडणे, सांधा, मिलाप एवढाच आहे. त्यामागे लॅटिन 'जुंक्तूरा' आहे आणि त्याच्याही मागे 'जुंगेरे' हे क्रियापद, म्हणजे जुंपणे. संस्कृतमधील युज् धातू आणि युग हा शब्द याच कुळातील आहेत. बैलाच्या मानेवर ठेवतो ते आपले जू त्या युगापासून आले आणि औताचे जोते योक्त्रापासून. नवरा-बायको या अर्थाचा लॅटिन शब्द 'कोंयुक्स' हाही एका जुवाला जुंपलेली दोघे असाच आहे. रेल्वेने परभणी आणि पूर्णा या दोन्ही स्थानकांवर लिहिलेला 'जंक्शन' हा शब्द, बँकेत आपण काढतो ते 'जॉइंट' खाते आणि हा जॉइंचर ही सगळी एकाच आजीची नातवंडे आहेत, हे मला साठीच्या उंबरठ्यावर समजले.

पुढचा अर्थ कायद्याचा आहे. नवरा आणि बायको यांच्या नावे एकत्र, दोघांच्या हयातीपुरती जमीन करून द्यायची आणि नवरा आधी वारला तर ती आपोआप मागे उरलेल्या बायकोकडे यावी, अशा व्यवस्थेला पंधराव्या शतकात जॉइंचर म्हणू लागले. इथपर्यंत जोडण्याचा अर्थ शाबूत आहे. त्यानंतर मात्र शब्दाने असे वळण घेतले, की नोंदीचा तो भाग मी भिंग खाली न ठेवता तीनदा वाचला. पुढे पुढे ही जमीन दोघांच्या नावे असण्याची गरजच राहिली नाही. फक्त बायकोसाठी, नवऱ्याच्या मृत्यूनंतर लागू होणारी आणि तिच्या हयातीपुरती ठरवून दिलेली तरतूद म्हणजे जॉइंचर, असा अर्थ पक्का झाला आणि एडवर्ड कोक या इंग्रज न्यायविदाने १६२८ च्या आपल्या टीकाग्रंथात त्याची व्याख्याही त्याच धर्तीवर केली. कालांतराने जमिनीऐवजी जमिनीच्या उत्पन्नातून दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याची पद्धत रूढ झाली. नाव जोडणीचे राहिले, आतला जोड निघून गेला.

हे का झाले, हे मात्र शब्दकोश सांगत नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. त्यासाठी मला कार्यालयातील जुनी कायद्याची पुस्तके काढावी लागली. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यानुसार विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांश हिश्शाचा हयातभर उपभोग मिळत असे आणि त्याला 'डाउअर' म्हणत. हा हक्क लग्नाच्या काळात नवऱ्याच्या मालकीत कधीही आलेल्या जमिनीवर चाले. नवऱ्याने जमीन विकली तरी विधवेचा तिसरा हिस्सा खरेदीदाराच्या मागे लागे, म्हणून जमीनदारांना तो नकोसा होता. यातून पळवाट म्हणून जमीन विश्वासू मंडळींच्या नावे करून तिचा फक्त 'उपयोग' स्वतःकडे ठेवण्याची युक्ती निघाली. कागदोपत्री नवरा मालकच नसल्यामुळे डाउअर लागत नसे आणि म्हणून मुलीचा बाप लग्न ठरवतानाच तिच्यासाठी जॉइंचर लिहून मागे. आठव्या हेन्रीच्या काळातील १५३५ चा म्हणून ओळखला जाणारा उपयोगांविषयीचा कायदा आला आणि त्याने 'उपयोग' असणाऱ्यालाच कायदेशीर मालक ठरवले. तसे झाल्याबरोबर विधवांना जॉइंचरही मिळेल आणि डाउअरही, असा पेच उभा राहिला. तो सोडवण्यासाठी त्याच कायद्यात कलम घातले गेले, की जिला जॉइंचर मिळाले तिला डाउअर मिळणार नाही. लग्नाआधी जॉइंचर ठरले असेल तर तिला निवडीला वाव नव्हता. लग्नानंतर ठरले असेल तर नवऱ्याच्या मृत्यूनंतर दोहोंपैकी एक ती निवडू शके.

म्हणजे हा शब्द सौद्याचा झाला. वधूच्या बापाने किती रक्कम आणली, त्यावर विधवेला वर्षाला किती मिळेल हे ठरू लागले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस हजार पौंड आणले तर वर्षाला साधारण शंभर पौंड, असा भाव रूढ झाला होता. एका मराठी वाचकाला यात एक गोष्ट पटकन उमगेल: हुंडा इकडून तिकडे जातो आणि जॉइंचर तिकडून इकडे येते. माझ्या सहकाऱ्याची चूक नेमकी इथे होती. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या शेवटी, दोन्ही मुले मेलेली असताना, ज्युलिएटचा बाप रोमिओच्या बापाकडे हात मागतो आणि हेच माझ्या मुलीचे जॉइंचर, याहून अधिक मी मागू शकत नाही, असे म्हणतो. हे वाक्य मी महाविद्यालयात शिकलो होतो, पण त्यातील हिशेब तेव्हा कुणी समजावला नव्हता. जॉइंचर वराच्या बाजूने द्यायचे असते, म्हणून ते वराच्या बापाकडे मागितले आहे आणि हातात हात देणे हा शब्दाचा पहिला अर्थ आहे. 'हॅम्लेट'मध्ये राणीसाठी 'जॉइंट्रेस' हे स्त्रीलिंगी रूप आलेले आहे, तेही या नोंदीशेजारी नजर फिरवली तर सापडते.

आता या संचातील उणिवांबद्दल. एच ते के ही अक्षरे असलेला खंड जेम्स मरे यांच्या संपादनाखाली पूर्ण होऊन १९०१ साली निघाला आणि १९७१ च्या छापात तोच मजकूर आहे. त्यामुळे या शब्दाचे पुढे काय झाले, ते इथे मिळणार नाही. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने नवऱ्याला इच्छापत्रातून किंवा दस्ताने डाउअर टाळण्याची मुभा दिली, १८८२ च्या कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवण्याचा हक्क मिळाला आणि १९२५ च्या कायद्याने डाउअर रद्दच झाला. यांतील शेवटची गोष्ट १९०१ चा खंड कुठून सांगणार? हा शब्दकोश कायद्याची आजची स्थिती पाहण्यासाठी वापरू नये, हे मी स्पष्टपणे सांगतो. भारतातील वकिलांनी आणखी एका जागी जपावे. आपल्याकडच्या इंग्रजी निकालांत मुस्लिम विवाहातील मेहेर या रकमेला सर्रास डाउअर म्हटले जाते. मराठवाड्यातील न्यायालयांत हा शब्द आला तर बहुतेक वेळा तो मेहेरच असतो, इंग्लंडमधला तिसरा हिस्सा नव्हे.

तरीही माझ्या दाव्याला या नोंदीने जे दिले, ते दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाने दिले नसते. जॉइंचर हे कशाच्या तरी बदल्यात दिलेले असते, हे एकदा कळल्यावर विरुद्ध बाजूच्या निवाड्याचे मर्म उलगडले. इंग्लंडच्या कायद्याने म्हटले, की तुझा मूळ हक्क होता, पण त्याच्या बदल्यात हे घेतलेस, म्हणून तो संपला. आपल्या कायद्याने याच प्रश्नाचे उत्तर उलट्या दिशेने दिले. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला, तेव्हा मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात होता आणि मुंबई राज्यात तो त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला आला. त्या कायद्याच्या कलम १४ ने हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली, पण पोटकलम २ ने दस्तानेच मर्यादित हक्क दिला असेल तर तो तसाच ठेवला. विरुद्ध बाजू याच पोटकलमावर उभी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तुलसम्मा विरुद्ध शेष रेड्डी या प्रकरणात असे ठरवले, की पोटगीच्या आधीपासून असलेल्या हक्कापोटी विधवेला हयातीपुरती मालमत्ता दिली असेल तर तो नवा दानधर्म नव्हे, जुन्या हक्काची ओळख आहे आणि म्हणून ती मालमत्ता पूर्णपणे तिची होते. तिकडे आधीचा हक्क हे तिला कमी देण्याचे कारण झाले, इकडे तोच तिला पूर्ण देण्याचे कारण झाला. चोळीबांगडी आणि जॉइंचर बाहेरून जुळ्या दिसतात, परंतु जुळ्यांपैकी एकीचा निकाल दुसरीला लावता येत नाही, असा माझा युक्तिवाद आता तयार आहे. तो न्यायालयाला पटेल की नाही, हे पुढच्या तारखांवर अवलंबून आहे.

(शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली होती. त्याला मी यांपैकी कोणताच शब्द लावणार नाही, कारण त्यात कशाचाही मोबदला नव्हता.)

वस्तू म्हणून बोलायचे तर कागद पातळ असला तरी पन्नास वर्षांत पिवळा फारसा पडलेला नाही आणि बांधणी अजून घट्ट आहे. वजन मात्र गंभीरपणे घ्यावे. दोन्ही खंड पिशवीत घालून रेल्वेने परभणीला आणताना सेलूच्या पुढे पिशवीचा बंद तुटला आणि उरलेला प्रवास मी खोके मांडीवर घेऊन केला. ज्यांची नजर साठीची झाली आहे, त्यांनी संध्याकाळी विजेच्या दिव्याखाली वाचण्याचा हट्ट धरू नये. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीतून येणारे ऊन आणि मोठे भिंग यांनीच हे पुस्तक वाचता येते. इंग्रजी साहित्य शिकवणारे, जुने दस्त चाळणारे वकील आणि शब्दांच्या मागे लागलेले रिकामटेकडे यांनी ते अवश्य घ्यावे. परीक्षेच्या तयारीसाठी किंवा कार्यालयीन पत्रांसाठी शब्दकोश हवा असणाऱ्यांनी त्याच पैशांत दुसरा साधा कोश घ्यावा. दुकानाबद्दल माझी एकच सूचना आहे, की विकण्यापूर्वी खोक्याचे खण उघडून पाहावेत आणि जे नाही ते गिऱ्हाइकाने विचारण्याआधी सांगावे. किंमत मात्र वाजवी लावली, हे मान्य केले पाहिजे.

सहकाऱ्याच्या भाषांतरातील 'हुंडा' मी लाल शाईने खोडला आणि बाजूला 'विधवेची हयातीची नेमणूक, तिसऱ्या हिश्शाच्या बदल्यात' असे लिहिले. त्याने ते वाचून विचारले, की एका शब्दाला एवढे सहा शब्द लागतात का. मी त्याच्या हातात भिंग दिले आणि पहिला खंड त्याच्यापुढे सरकवला.