अकरावी-बारावीची गणिताची स्वतंत्र तुकडी : जळगावातील एका संस्थेचा वर्षभराचा अनुभव

जळगावातील एक संस्था अकरावी-बारावीसाठी गणिताची स्वतंत्र तुकडी चालवते. कनिष्ठ महाविद्यालयातील रीतसर प्रवेश, राज्य मंडळाचे विज्ञान शाखेचे विषय आणि त्यांच्या जोडीला रोज गणिताचे जादा तास, असे तिचे स्वरूप आहे. आमच्या मुलीने दहावीनंतर तेथे प्रवेश घेतला आणि आता तिची अकरावी पूर्ण झाली आहे. चोपडा, यावल, रावेर, अमळनेर भागातील ओळखीचे पालक दहावीचा निकाल लागल्यापासून त्या तुकडीविषयी विचारत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि हे प्रश्न अशा कोणत्याही तुकडीला विचारण्याजोगे आहेत.

माझे मत आधीच स्पष्ट करतो. जे मूल कोणी न सांगता गणित घेऊन बसते आणि न सुटलेले उदाहरण दुसऱ्या दिवशी पुन्हा काढते, त्याला ही जागा मानवेल. ज्याला चांगल्या इंजिनीअरिंग कॉलेजात जायचे आहे आणि गणितात गुण चांगले पडतात एवढेच ज्याच्याबाबत म्हणता येते, त्याला तालुक्याच्या गावी राहूनही तेथे पोहोचता येईल.

निर्णय घेण्यापूर्वी एक नमुना तास (डेमो) बसून पाहण्याची सोय आहे आणि ती प्रत्येकाने घ्यावीच. आम्ही मागच्या बाकावर बसून जो तास पाहिला, त्यात सरांनी फळ्यावर सहा ठिपके काढले आणि सांगितले की ही सहा माणसे आहेत. यांच्यात परस्परांना ओळखणारे तिघे तरी सापडतील किंवा परस्परांना पूर्ण अनोळखी असे तिघे तरी सापडतील, हे सिद्ध करायचे आहे. ओळख असेल तर लाल खडूची रेघ, नसेल तर निळ्या खडूची. मुले निरनिराळ्या रेघा मारून पाहत राहिली आणि प्रत्येक वेळी एका रंगाचा त्रिकोण निघतच गेला, पण तो का निघतो हे कोणाला सांगता येईना. सरांनी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने रावेरकडचा एक मुलगा म्हणाला, की एकाच माणसाकडे पाहिले तर त्याच्यापासून पाच रेघा निघतात आणि रंग दोनच आहेत, म्हणजे निदान तीन रेघा एका रंगाच्या असणारच. त्या तीन लाल धरल्या आणि त्यांच्या दुसऱ्या टोकांच्या तिघांमध्ये एक जरी लाल रेघ असली तर लाल त्रिकोण तयार होतो. एकही नसली तर ते तिघेच निळा त्रिकोण होतात. वर्गात खरोखर आनंद पसरला. तेवढ्यात आमच्या मुलीने विचारले, "सर, पाचच माणसं असली तर?" सरांनी उत्तर न देता तिच्या हातात दोन्ही खडू दिले. तिने पंचकोन काढला, बाहेरच्या बाजू लाल आणि आतले कर्ण निळे केले, आणि कोणत्याही तीन ठिपक्यांचा एका रंगाचा त्रिकोण होत नाही हे स्वतःच पाहिले.

या तासात सूत्र नव्हते, शॉर्टकट नव्हता, पर्याय अ-ब-क-ड नव्हते. आपल्याकडील बहुतेक क्लासमध्ये मुलांना उत्तरापर्यंत लवकर कसे पोचायचे ते शिकवतात आणि त्यात काही गैर नाही, कारण एमएचटी-सीईटी या राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेशपरीक्षेच्या गणिताच्या पेपरात 90 मिनिटांत 50 प्रश्न सोडवायचे असतात, प्रत्येकाला दोन गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. तेथे वेग हीच किंमत आहे. परंतु गणित हाच ज्याला पुढचा अभ्यासविषय करायचा आहे, त्याच्या वाटेवरच्या परीक्षा वेगळ्या जातीच्या आहेत. गणित ऑलिम्पियाड या स्पर्धेची पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा. तीत तीस प्रश्नांना तीन तास मिळतात आणि उत्तर म्हणून फक्त पूर्णांक लिहायचा असतो. त्यातून निवड झाली की आरएमओ ही विभागीय फेरी येते आणि तेथे सहाच प्रश्न असून प्रत्येकाची पूर्ण सिद्धता लिहावी लागते. त्यानंतर आयएनएमओ ही राष्ट्रीय फेरी. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नईची गणित संस्था सीएमआय यांच्या प्रवेशपरीक्षांतही सिद्धता लिहून द्यावी लागते. सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट. व बी.मॅथ. या संख्याशास्त्र-गणिताच्या पदव्यांच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळते, ही गोष्ट खानदेशातील फार थोड्या पालकांपर्यंत पोचलेली आहे.

या तुकडीचे खरे सामर्थ्य मला उत्तरपत्रिकांच्या तपासणीत दिसले. मुलीच्या पहिल्या चाचणीत एका प्रश्नाचे शेवटचे उत्तर अगदी बरोबर होते, तरी सातपैकी दोनच गुण मिळाले होते आणि मधल्या एका ओळीखाली लाल शाईने लिहिले होते, "हे कुठून आले?" ती दोन दिवस नाराज होती. नंतर तिने ती ओळ सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मधली पायरी सर्व संख्यांसाठी खरी नसून फक्त धन संख्यांसाठी खरी आहे हे तिच्या लक्षात आले. अशी तपासणी करायला शिक्षकाला एका पेपरमागे किती वेळ लागत असेल याची कल्पना करता येते. म्हणून कोणत्याही अशा तुकडीत गेल्यावर टॉपरांच्या फोटोंचा फलक पाहण्याऐवजी तपासलेल्या चार-पाच उत्तरपत्रिका दाखवा म्हणावे. ओएमआरच्या, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेच्या, पलीकडे काही लिहून घेतले जात नसेल, तर ती जेईईचीच नेहमीची बॅच आहे, फक्त पाटी वेगळी आहे.

भाषेबद्दल थोडे लिहायला हवे. आमच्याकडील बरीच मुले घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी किंवा सेमी शिकतात आणि अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजीत येतात. नुसते गणित सोडवताना हे भागून जाते. सिद्धता लिहिताना मात्र 'जर', 'तरच', 'निदान एक', 'प्रत्येक' असे शब्द चुकून चालत नाहीत. येथील सर आधी मराठीत बोलून घेतात, मूल अहिराणीत बोलले तरी हसत नाहीत आणि कोणाला हसूही देत नाहीत, आणि मग तेच वाक्य इंग्रजीत कसे लिहायचे ते मुलांकडूनच फळ्यावर लिहवून घेतात. माझ्या मते हे काम त्या जादा तासांइतकेच मोलाचे आहे.

आता तक्रारी. पहिली रसायनशास्त्राची. दिवाळीनंतर त्या विषयाचे शिक्षक सोडून गेले आणि बराच काळ त्या तासाला मुलांना स्वाध्याय करायला बसवले गेले. गणिताच्या तुकडीत बाकीचे विषय सांभाळून घेतले तरी चालते असा समज व्यवस्थापनाच्या मनात असावा, असे आम्हाला वाटले. तो समज धोक्याचा आहे, कारण मुलाचा विचार बदलला किंवा गणिताच्या प्रवेशपरीक्षेत यश आले नाही, तर त्याला सीईटी आणि जेईई यांचाच आधार उरतो.

दुसरी तक्रार विषयांच्या निवडीची आहे. येथे जीवशास्त्र घेऊ देत नाहीत. संगणकशास्त्राचे बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख विषय, सर्वांना सक्तीचे आहे. दोनशे गुणांचे बायफोकल घेतले की एक भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो, अभ्यासाचा भारही हलका होतो, हे मान्य आहे. परंतु आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत 60 प्रश्नांपैकी 15 जीवशास्त्राचे असतात, आणि पुण्याचे आयसर हे आपल्या मुलांसाठी गणित-विज्ञान शिकण्याचे मोठे ठिकाण आहे. ही बाब प्रवेशाच्या वेळी कोणी सांगितली नाही. सांगितली असती तरी आम्ही कदाचित हीच निवड केली असती, पण माहिती असून केली असती.

तिसरी पैशाची. शुल्क शहरातील मोठ्या जेईई क्लासच्या बरोबरीचे आहे आणि वसतिगृह व मेस वेगळी. त्याहून खटकणारी गोष्ट अशी, की जागा राखण्यासाठी म्हणून दहावीच्या निकालाआधीच बुकिंगची रक्कम घेतली जाते. 2025 पासून संपूर्ण राज्यात अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत, त्यामुळे त्या कनिष्ठ महाविद्यालयाची जागा यादीत नाव लागल्यावरच पक्की होते. नाव लागले नाही तर बुकिंगचे काय, हे आम्ही विचारले तेव्हा तोंडी आश्वासन मिळाले. लेखी मागितल्यावर मात्र टाळाटाळ झाली. आमचे नाव लागले म्हणून प्रश्न मिटला. दुसऱ्या एका पालकांना रक्कम परत मिळवायला हिवाळा उजाडला.

या पैशाच्या प्रश्नावर मला राहवत नाही, कारण गणिताच्या अभ्यासासाठी वेगळी जागा असावी ही कल्पना आपल्या मातीत नवी नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला जो शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे आणि इ. स. 1207 मध्ये त्याला दान मिळाल्याचे कोरलेले आहे. त्या मठाच्या खर्चासाठी बाजारातील विक्रीच्या उत्पन्नाचा आणि घाण्याच्या तेलाचा वाटा लावून दिल्याची नोंद त्याच लेखात जुन्या मराठीत आहे. शिकणाऱ्याचा भार गावाने उचलला होता. इंग्लंडमध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने आणि एक्सेटरच्या विद्यापीठाने 2014 साली सोळा वर्षांवरील मुलांसाठी गणिताच्या स्वतंत्र शाळा सुरू केल्या. त्या सरकारी पैशावर चालतात, आणि एक्सेटरला दूरच्या खेड्यांतील मुलांसाठी आठवड्याच्या दिवसांत राहण्याची सोयही आहे. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव यांच्या पुढाकाराने मॉस्को विद्यापीठाशी जोडलेली निवासी शाळा 1963 मध्ये निघाली, ती मोठ्या शहरांबाहेरच्या हुशार मुलांना वर आणण्यासाठीच. जळगावात विद्यापीठ आहे, त्यात गणिताचा विभाग आहे, ग्रंथालय आहे. अशा तुकडीला त्या विभागाचे दार उघडे झाले आणि शुल्क निम्म्यावर आले, तर केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्यांची मुलेही तेथे बसतील. आज ती बसत नाहीत, ही माझ्या लेखी या तुकडीची सर्वांत मोठी उणीव आहे.

राहण्याची व्यवस्था ठीक आहे. मुलींचे वसतिगृह रस्त्याला लागून आहे, वॉर्डन ताई कडक पण मायाळू आहेत, मेसमध्ये आठवड्यातून एकदा शेवभाजी मिळते आणि हिवाळ्यात भरीतही झाले. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत दुपारी बसवत नाही. कूलर होते, वीज गेली की तेही बंद. वाचनखोली खालच्या मजल्यावर हलवावी अशी मागणी पालकांनी केली आहे. तुकडीत मुली फारच कमी आहेत आणि त्यांपैकी एकीच्या घरच्यांनी 'एवढं गणित शिकून काय करणार' म्हणून तिला मध्येच परत नेले, याचे वाईट वाटते. ती आमच्या मुलीपेक्षा पुढे होती.

मुलीला पाठवावे की नाही हे ठरवताना आम्ही घरी एकच कसोटी लावली होती. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत, कोणताही क्लास नसताना, ती गणिताच्या किती जवळ जाते हे पाहायचे. तिने जुन्या आयओक्यूएमचे पेपर डाउनलोड करून घेतले, त्यातले थोडेच सुटले, आणि न सुटलेल्यांविषयी ती जेवतानाही बोलत राहिली. गुणांपेक्षा आम्हाला हे अधिक महत्त्वाचे वाटले. दहावीला गणितात पैकीच्या पैकी मिळवलेली दोन मुले त्याच तुकडीत पहिल्या सहामाहीतच कोमेजली, कारण तोपर्यंत त्यांना एखादे उदाहरण सुटले नाही असे कधी झालेच नव्हते आणि येथे रोज होत होते. जानेवारीत चाचणीच्या गुणांवर तुकडीचे दोन भाग केले गेले, त्याने त्यांची अवस्था आणखी बिकट झाली. ही विभागणी अकरावीत तरी करू नये, असे आम्ही लेखी कळवले आहे.

आमची मुलगी बारावीला तेथेच राहणार आहे. रसायनशास्त्राची शिकवणी बाहेर लावली आहे आणि बोर्डाच्या वीस गुणांच्या गणित प्रात्यक्षिकाची वही वेळेवर पूर्ण होते की नाही, यावर आम्ही स्वतः लक्ष ठेवणार आहोत, कारण संस्था ते ठेवत नाही. धाकटा मुलगा पुढच्या वर्षी दहावीला आहे. त्याचा जीव मोटारी खोलण्यात आणि शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये रमतो आणि गणित त्याला बऱ्यापैकी येते. त्याला आम्ही या तुकडीत घालणार नाही. तो चोपड्यातच इलेक्ट्रॉनिक्सचे बायफोकल घेईल आणि सीईटी देईल.