मूळ संख्या ओळखायची: भागाकार की मिलर-राबिन?

२१४७४८३६४७ मूळ आहे का, हे तपासणारा प्रोग्राम लिहायचाय, पण पद्धत कोणती घेऊ, असं एकाने विचारलं.

श्रम बघा. साध्या भागाकारात वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंतचे भाजक तपासायचे. गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये हीच संख्या मूळ ठरवली ती काटछाट करून: तिला मूळ भाजक असलाच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरणार. मिलर-राबिन ही कसोटी भाजक शोधतच नाही; एखादी छोटी संख्या ('पाया') घेऊन तिच्या घातांना तपासायच्या संख्येने भागल्यावर बाकी काय उरते, ते बघते. तिथे दर पायामागे तीसेक वेळा वर्ग करून बाकी काढली की झालं. वीस अंकी संख्येला फरक जमीन-अस्मानाचा.

खात्रीचं म्हणाल, तर मिलर-राबिन 'बहुधा मूळ' म्हणते ही तक्रार खरी. पण ३२१५०३१७५१ च्या आत २, ३, ५, ७ हे चार पाये घेतले तर उत्तर पक्कं. फर्माची कसोटी (हीच कल्पना, पण फक्त शेवटची बाकी १ येते का एवढंच बघणारी) मात्र नको. ५६१ (३ × ११ × १७) तिला सर्रास चकवते.

अवयवही हवेत? मग भागाकारच, मिलर-राबिन 'संयुक्त' म्हणून मोकळी होते.

शाळेच्या प्रकल्पाला, सहा-सात अंकांपर्यंत, भागाकार पुरे. मोठ्या किंवा ढीगभर संख्या चाळायच्या तर मिलर-राबिन. फक्त मध्ये येणारा वर्ग प्रोग्रामच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही, तेवढं सांभाळा.